बाबांनी बसवलेली पट्टी

कॉम्प्युटर दुपारी एकपासून चौथ्यांदा बंद पडला, तेव्हा लेकीने घड्याळाकडे पाहिलं. संध्याकाळी सहाला बाबांना दवाखान्यात दाखल करायचं होतं. उद्या सकाळी ऑपरेशन. गळ्यातल्या गाठीबरोबर स्वरयंत्रही जाणार, म्हणजे बाबांचा आवाज आजच्यापुरताच. वाचा-उपचारवाल्या बाईंनी एकशेवीस वाक्यांची यादी दिली होती. बाबांनी ती माइकसमोर म्हणायची, प्रोग्रामने साठवायची. मग पुढे बटण दाबलं की 'पाणी दे' हे बाबांच्याच आवाजात ऐकू येणार होतं. फोनवरचं रेकॉर्डिंग तो प्रोग्राम घेत नव्हता, तेही करून पाहिलं होतं.

खरं तर हे काम पंधरा दिवसांपूर्वीच व्हायचं होतं. पण बाबांनी हट्ट धरला, आधी मशीन धडधाकट करू, मग बोलू. रविवारी ते कुठूनशी मेमरीची एक जुनी पट्टी घेऊन आले, आधीच्या पट्टीशेजारच्या रिकाम्या खाचेत स्वतःच्या हाताने बसवली आणि आता बघ कसा पळतो ते, असं म्हणून हात झटकले.

बाबा पंख्यांच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणारे. त्या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, पण त्यापलीकडच्या कुठल्याही वस्तूला त्यांनी हात लावला की तिचे बारा वाजत. आणि घरात हे त्यांना कुणी कधी सांगितलं नव्हतं. इस्त्री असो नाहीतर दाराची बेल, त्यांनी दुरुस्त केली की आई आणि लेक तोंडभरून कौतुक करत आणि ते कामावर गेले की वस्तू पिशवीत घालून कोपऱ्यावरच्या दुकानात नेत. तीस वर्षं मायलेकींनी हा कारभार बिनबोभाट चालवला होता.

त्यामुळे लेकीने आज सगळं पाहिलं. वायरी काढून घातल्या, कॉम्प्युटरच्या पंख्यावरची धूळ झटकली, प्रोग्राम पुसून पुन्हा घातला. फक्त ती पट्टी सोडून. आणि प्रत्येक वेळी दहा-बारा वाक्यं झाली की पडदा निळा व्हायचा. जी वाक्यं साठलेली दिसायची, ती ऐकली तर मध्येच करकरायची. बाबा निमूटपणे पुन्हा पहिल्यापासून सुरू करत. 'मला थंडी वाजतेय' हे वाक्य चौथ्यांदा म्हणताना त्यांचा आवाज चिंधीसारखा फाटला.

चार वाजता तिने बाबांना आईकडे कोमट पाणी प्यायला पाठवलं आणि घाईघाईने कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण काढलं. दोन्ही पट्ट्यांवरच्या चिठ्ठ्या वाचल्या. कंपनी वेगळी, वेगही वेगळा. खाच सारखीच म्हणून पट्टी बसली होती, पण दोघींचं काही केल्या पटत नव्हतं. तिने बाबांची पट्टी उपसली, मुठीत लपवली आणि मान वर केली, तर दारात बाबा उभे.

"माझी पट्टी ना?"

"नाही हो बाबा, धूळ होती जरा."

"मूठ उघड." तिने उघडली. "कधीपासून ठाऊक होतं?"

"एक वाजल्यापासून." तिला रडू फुटलं.

बाबा खुर्चीवर बसले. "तीन तास आवाज घालवलास माझा," ते हळू म्हणाले, "माझं मन राखायला."

तिने डोळे पुसले आणि बटण दाबलं. एकाच पट्टीवर कॉम्प्युटर रखडत सुरू झाला, पण सुरू राहिला. दहा वाक्यं झाली, वीस झाली, पडदा निळा झाला नाही. दर वाक्यानंतर ती श्वास रोखून ऐकत होती. एकही करकरलं नाही. पण बाबांचा घसाच आता साथ देईना. एकाहत्तराव्या वाक्याला आवाज बसला, मधले दोन शब्दच फुटेनात. साडेपाच झाले होते. आई पिशवी घेऊन दारात आली आणि निघायला हवं म्हणाली.

उरलेली पन्नास वाक्यं आता कायमचीच राहिली, आणि ती आपल्यामुळे, हे लेकीला स्वच्छ दिसत होतं. ती माइक काढायला लागली. बाबांनी तिचा हात धरला. यादी बाजूला सारली, घोटभर पाणी घेतलं, मायलेकींकडे एकदा पाहिलं आणि माइकजवळ वाकून उरलासुरला आवाज गोळा करून म्हणाले,

"माझं चुकलं."

तिने ते परत लावून ऐकवलं. घोगरं होतं, पण अक्षर न् अक्षर कळत होतं.

"हे कधी म्हटलं नाही ना मी," बाबा पुटपुटले, "म्हणून तुम्हाला घाबरून राहावं लागलं. सगळ्यात वरचं बटण ह्याला दे."

तिने दिलं. मग त्यांनी पिशवी आईच्या हातातून स्वतःकडे घेतली आणि वाटेत दवाखान्यापर्यंत एक अक्षरही बोलले नाहीत.