काचपेटीतला थिजलेला आकडा

मित्रांनो, दिवस भरण्याआधीच जन्मलेल्या बाळांना ज्या काचपेटीत ठेवतात, तशी मी एक जुनी पेटी आहे. सध्या इंजिनिअरांच्या ऑफिसात एका टेबलावर उघडीवाघडी पडून असते.

रुग्णालयात माझी बरीच वर्षं गेली. मुठीएवढी बाळं माझ्या उबेत वाढली. घरी निघताना एखादी आजी माझ्या काचेवरून हात फिरवून म्हणायची, "बाई गं, तू याची दुसरी आईच हो!" मला धन्य वाटायचं.

मग मला चालवणारा प्रोग्राम बदलला. नवा प्रोग्राम एका हुशार इंजिनिअर बाईंनी लिहिला. बाळाच्या तापमानाची क्षणाक्षणाची नोंद माझ्या मेमरी चिपवर होऊ लागली. डॉक्टर खूश झाले. पण पुन्हापुन्हा खोडून लिहिलं की कागद विरतो, तशी चिपही झिजते. हे बाईंना ठाऊक नव्हतं. त्यांनी मला कधी पाहिलंच नव्हतं. सगळी तपासणी स्वतःच्या लॅपटॉपवर केली होती.

एका दुपारी चिपनं मान टाकली. नोंद लिहिली जाईना आणि प्रोग्राम तिथंच वाट बघत खोळंबला. ऊब पुरेशी झाली म्हणून हीटर त्या क्षणी बंद होता, तो बंदच राहिला. धोक्याची घंटाही त्याच प्रोग्रामच्या हाती. ती वाजलीच नाही. पडद्यावर मात्र शेवटचा आकडा झळकत होता, अगदी हवा तसा. माझ्यात एक मुलगी होती. ती गार पडत चालली होती आणि मला हूं की चूं करता येईना. नर्स येता-जाता आकडा बघत होती. तिनं आत हात घातला आणि दाराकडं धावली.

"डॉक्टर, लवकर या! पोर बर्फ झालंय!"

डॉक्टरांनी शर्थ केली. संध्याकाळपर्यंत सारं संपलं.

चौकशीला बाई आल्या. "प्रोग्राममध्ये चूक नाही," असंच आधी म्हणाल्या. मग त्यांनी स्वतः माझं झाकण उघडलं, चिप काढून तपासली. ती पार झिजून गेली होती.

दारात मुलीची आई उभी होती. "पेटी बंद पडली होती ना, ताई? मग आकडा कसा दिसत होता?"

"जुना होता तो. चिप झिजते, हे मी कधी शिकलेच नाही. मला वाटायचं, ते माझं काम नाही."

"मग कुणाचं होतं?"



रुग्णालयानं टाकून दिल्यावर बाईंनीच मला ऑफिसात आणलं. नव्यानं लागलेल्या प्रत्येकाला त्या आधी माझ्यापुढं बसवतात. परवा एक जण हसला. "मॅडम, आम्ही सॉफ्टवेअरवाले. स्क्रू पिळायला दुसरे आहेत की!"

"आत हात घाल," बाई म्हणाल्या. "इथं होती ती."

त्यानं हात घातला. मग हसला नाही.

मित्रांनो, उद्या तुम्हीही यंत्रांसाठी आज्ञा लिहाल. त्या हवेत चालत नाहीत. झिजणाऱ्या, तापणाऱ्या, थकणाऱ्या अंगावर चालतात. ते अंग आधी उघडून बघा, समजून घ्या. त्या मुलीचं अजून नावसुद्धा ठेवायचं होतं. मृत्यूच्या दाखल्यावर तिच्या नावाच्या जागी आईचं नाव आणि पुढं 'हिची मुलगी' एवढंच लिहावं लागलं.