कागदाएवढी फट

सुरीचं पार्सल सकाळी आठला आलं आणि सव्वाआठपर्यंत मिलिमीटरचा दिवस नासला होता.

मिलिमीटर हे त्याचं कामावरचं नाव. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून काचा घासायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या, हे काम तो बावीस वर्षं करत होता. नाव दुकानमालकाने चिडून ठेवलं होतं, त्याला ते बक्षिसासारखं वाटलं. बायकोचं डोकं फिरलं की घरीही तेच नाव चालायचं.

पार्सलमध्ये हाताने घडवलेली, स्वयंपाकघरात वापरायची सुरी होती. अशा अकरा सुऱ्या त्याच्याकडे आधीच होत्या. एकेक मऊ कापडात गुंडाळून एका उथळ खणात ठेवलेली, आणि एकीनेही आजवर कांदा पाहिला नव्हता. या बारावीसाठी तो दोन वर्षं थांबला होता. लोहार वर्षाला वीसच सुऱ्या करायचा, आणि त्याच्याकडे नंबर लावावा लागायचा.

पात्याकडे त्याने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. पातं चांगलं असणारच. पात्यात खोट असली तर ती पहिल्या टोमॅटोला बाहेर पडते. मूठ मात्र लबाड. रिव्हेट केसभर वर राहिलेली, डिंक पुसून चकाकी आणलेली, लाकडाची रेघ भलतीकडे गेलेली, हे सगळं पॉलिशखाली महिनोन् महिने दबून राहतं. म्हणून त्याने काचांच्या पाकिटातल्या तलम कागदाची एक पट्टी कापली आणि मुठीचं तोंड जिथे पात्याच्या खांद्याला भिडतं तिथे फिरवली. वरच्या बाजूला कागद अडला. खालच्या बाजूला सरळ आत गेला.

"अहो, चहा निवला."

"कागद आत गेला."

"कुठे?"

"मुठीत. खालून. हे बघ."

बायको हात पुसत आली, सुरीवर वाकली, सरळ झाली. "मला तर काही दिसत नाही."

"दिसत नाही म्हणून तर कागद."

"मग कागद घालू नका ना. सुरी बरी होईल." ती ओट्याकडे परतली आणि काकडी चिरू लागली. तिच्या सुरीची प्लास्टिकची मूठ चिरलेली होती, वर दोऱ्याचे वेढे. "घरात डझनभर सुऱ्या, आणि मी या लंगडीशी झटते आहे. कोणाला सांगितलं तर खोटं वाटेल."

"तुझ्या हातात दिली तरी काप तिरकेच पडणार. बघ, एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ."

"पोटात गेले की सरळ होतात."

त्याने खणातून याच लोहाराच्या आधीच्या दोन सुऱ्या काढल्या. सहा वर्षांपूर्वीची पहिली: कागद सोडाच, नखसुद्धा अडत नव्हतं. तीन वर्षांपूर्वीची दुसरी: कागद टोकाला जरासा अडखळून थांबायचा. तेव्हा त्याने मनाची समजूत घातली होती. आज तिन्ही शेजारी शेजारी ठेवल्यावर समजूत पुरेना. पहिलीत नसलेली फट पुढच्या दोघींत एकाच बाजूला वाढत आली होती.

त्या दिवशी तो सुरी पिशवीत घालून कामावर घेऊन गेला. दर तासाला काढून बघायचा, फट वाढली तर नाही ना. चहा तसाच राहिला. दुपारी एका गिऱ्हाइकाच्या काचेचा कडेला टवका उडाला, बावीस वर्षांत असं बोटांवर मोजण्याइतक्या वेळा झालं असेल.

"सुरी घेऊन कामावर येणारा माणूस बघितला तर गिऱ्हाईक चष्मा न घेताच पळेल," मालक म्हणाला.

"फट आहे हो."

"तुमच्या डोक्यात आहे. तिथे घाला कागद."

संध्याकाळी त्याने लोहाराला फोन लावला.

"फट? केवढी?"

"कागदाएवढी."

पलीकडे भात्याचा आवाज थांबला. मग लोहार म्हणाला, "यंदाची ही तिसरी तक्रार. घेऊन या. पण आमच्याकडची रीत माहीत आहे ना?"

रीत ऐकून माहीत होती. लोहाराच्या शेडमध्ये परत आलेली सुरी दुरुस्त होत नसे. खोट खरी ठरली की ज्याच्या हातून ती झाली त्याने गिऱ्हाइकासमोर हातोडा घेऊन ती सुरी मोडायची. गिऱ्हाइकाचा नंबर मग यादीत सगळ्यात वर.

म्हणजे मुठीपायी पातं जाणार. इतकं सुंदर पातं. चार दिवस तो हेच चघळत राहिला. ठेवून घ्यावी, तर रोज खण उघडून कागद घालून बघणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. परत द्यावी, तर ती डोळ्यांदेखत तुटणार. जेवताना उठायचा, आंघोळीला जाता जाता वळायचा. "एक तर तिला घरात घ्या, नाहीतर सोडचिठ्ठी द्या," बायको म्हणाली. "मधल्या मधे मला वेड लागेल."

सुट्टीच्या दिवशी त्याने पहिली बस पकडली.

पत्र्याची लांबट शेड. दाराशी भट्टी आणि ऐरण, आणि पार मागे लोखंडी गजांच्या खिडकीखाली लाकडाचं टेबल. भट्टीशी लोहार, टेबलाशी त्याची मोठी बहीण. तिला सगळेच ताई म्हणत. पाती लोहार करायचा, मुठी ताई. चाळीस वर्षं अशीच वाटणी होती.

ताईच्या नाकावर गोल फ्रेमचा चष्मा होता, आणि तो मिलिमीटरनेच दिलेला. पहिली सुरी न्यायला आला तेव्हा ताई लाकूड नाकाला टेकवून कानस चालवत होती. त्याला राहवलं नाही. तिला दुकानात बोलावून डोळे तपासून घेतले आणि स्वतःच्या हाताने चष्मा करून भेट दिला. गोल फ्रेम ताईनेच निवडली होती. म्हणाली होती, "चौकोनी नको. चौकोनी घातला की मी मास्तरीण दिसते."

"चष्मा बरा आहे ना?" त्याने आत शिरताना विचारलं.

"तुमचा चष्मा बरा आहे. माझंच वय झालं," ताई म्हणाली आणि कानशीवरचा भुसा झटकू लागली.

लोहाराने सुरी उजेडात धरली, कागदाची पट्टी मागून घेतली, फटीत सरकवली. पट्टी निम्मी आत गेली. त्याने ती अलगद ओढून काढली, जणू जखमेतून काढतो आहे.

"ताई, इकडे ये."

"इथून ऐकू येतं मला. बहिरी नाही झाले."

"कानांचं कोण बोलतंय? तीन सुऱ्या झाल्या या वर्षात. तिन्हींना खालूनच फट." तो आवाज न चढवता बोलत होता. "सोमवारपासून मुठी बाहेरून आणतो. मशीनवर कापलेल्या. तू पॉलिशला बस."

"पॉलिशला? तुझ्या हाताखाली?" ताई उठली. "तुला कानस धरायला मी शिकवलं रे. तेव्हा नाक पुसायचीसुद्धा अक्कल नव्हती तुला."

"म्हणून तर तीन तक्रारींपर्यंत गप्प बसलो."

ताईने कानस टेबलावर ठेवली. ती ऐरणीपाशी आली. लोहाराने चिमट्यात सुरी धरून पातं ऐरणीच्या कडेवर आडवं टेकवलं आणि दुसऱ्या हाताने हातोडा तिच्यापुढे केला. मिलिमीटर अर्धं पाऊल पुढे सरकला. तक्रार त्याने सुरीची केली होती. बाईच्या टेबलाची नव्हे.

"थांब जरा," ताई म्हणाली. "निदान हे तरी नीट दिसू दे." तिने चष्मा काढला आणि अ‍ॅप्रनच्या टोकाने काच पुसू लागली. अंगठा गोल गोल फिरवत, भुशात काम करणारा माणूस दिवसातून वीस वेळा पुसतो तशी.

अंगठ्याबरोबर काचही फिरली.

अगदी किंचित. दुसऱ्या कोणाला दिसली नसती.

"बघू," मिलिमीटर म्हणाला आणि तिने हो-नाही म्हणण्याआधी चष्मा तिच्या हातातून घेतला. दिवसाला चाळीस चष्मे धरायचा तसा हातभर लांब, खिडकीच्या गजासमोर धरला. उजव्या काचेतून गज सरळ होता. डाव्या काचेतून तो कलला होता.

ताईच्या डाव्या डोळ्याचा नंबर असा होता की काच ठरल्या कोनातच बसायला हवी. जरा फिरली की सरळ रेघ कलते, काटकोन काटकोन राहत नाही. चौकोनी फ्रेममध्ये काच फिरूच शकत नाही. गोल फ्रेममध्ये फिरते. म्हणून काचेच्या कडेभोवती एक बारीक पट्टी घालून मग स्क्रू आवळायचा, हे या धंद्यातल्या पहिल्या वर्षाच्या माणसालाही माहीत असतं. मिलिमीटर पट्टी घालत नसे. पट्टी म्हणजे खोट झाकणं, असं तो दुकानात ऐटीत सांगायचा. आपली काच पट्टीशिवाय बसते.

"ताई, कानस मारताना उजवा डोळा मिटता का?"

"नेम धरायला मिटते. का?"

"कडा वाकड्या दिसतात?"

ताईने आधी भावाकडे पाहिलं. "दोन-तीन वर्षं झाली. आता फारच. म्हटलं, वय."

"बोलली का नाहीस?" लोहार म्हणाला.

"बोलले असते तर तेव्हाच पॉलिशला बसवलं असतंस. आधी मी सांध्यावर अंगठा फिरवून बघायचे. चष्मा आला, मग दिसतंय म्हटल्यावर अंगठा कशाला, असं झालं."

काच सरळ करायला नखाचा एक दाब पुरे होता. ती फिरवावी, स्क्रू आवळावा, चष्मा परत द्यावा. घाव ताईच्या हातून पडेल, नंबर वर जाईल, नवी सुरी वर्षभरात घरी. दोघा भावंडांना या जन्मात कळणार नाही. हे त्याच्या मनात आलं आणि एक श्वासभर थांबलंही. हे त्याने पुढे बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

"हातोडा माझ्याकडे द्या," तो म्हणाला.

"तुमच्याकडे कशाला? रीत आमच्या शेडची आहे," लोहार म्हणाला.

"ज्याची चूक त्याने मोडायची, हीच ना रीत?"

त्याने काच नखाने जागेवर आणली, ताईला चष्मा घालायला लावला आणि सुरी तिच्यासमोर धरली. ताईने उजवा डोळा मिटला. बराच वेळ बघत राहिली.

"अगंबाई. वाकडी आहे की ही."

"काच फिरली होती. गोल फ्रेममध्ये पट्टी लागते. मी घातली नव्हती."

"म्हणजे मी इतके दिवस स्वतःला शिव्या घालते आहे, आणि चोर तुम्ही?" ताई हसली नाही. "अरे माणसा, आणि वर कागद घेऊन आलास?"

त्याने हात पुढे केला. लोहाराने सुरी पुन्हा चिमट्यात धरली आणि हातोडा त्याच्या हातात दिला. हातोडा त्याला वाटला होता त्यापेक्षा जड होता. पहिला घाव ओझरता पडला. पातं नुसतं कण्हल्यासारखं वाजलं.

"नीट मारा," लोहार म्हणाला. "अर्धवट मारू नका. तिला त्रास होतो."

दुसऱ्या घावाला पातं मधून गेलं. टोकाकडचा तुकडा जमिनीवर पडून दोनदा उसळला आणि स्थिर झाला. चिमट्यात मूठ राहिली, फटीसकट.

"माझा नंबर?" त्याने विचारलं, आणि विचारल्यावर स्वतःचीच लाज वाटली.

"चूक आमची असती तर पहिला. तुमची आहे, तर शेवटून." लोहाराने मूठ बाजूला ठेवली. "दोन वर्षं. थोडी जास्तच."

"आणि मशीनच्या मुठी?" ताईने भावाला विचारलं.

"कोण म्हणालं मशीन?" लोहार भट्टीकडे वळला.

ताईने चष्मा काढून पुन्हा मिलिमीटरपुढे धरला. "घाला ती पट्टी. आत्ता. माझ्यासमोर."

खरी पट्टी दुकानात होती. इथे त्याच्याकडे एकच गोष्ट होती. त्याने तो तलम कागद उभा चिरला, काचेच्या कडेभोवती गुंडाळला आणि ताईच्या बारीक स्क्रूड्रायव्हरने फ्रेम आवळली. अंगठ्याने काच ढकलून पाहिली. हलली नाही. "तात्पुरती आहे," तो म्हणाला. "परवा पक्की करून आणतो."

"तोवर मी अंगठा वापरेन," ताई म्हणाली.

परतीच्या बसमध्ये त्याला बसायला जागा होती, तरी तो उभाच राहिला. तिकीट देणाऱ्याचा चष्मा चौकोनी होता. खिडकीतल्या म्हाताऱ्याचाही चौकोनी. ड्रायव्हरचा गोल होता. तो त्यांच्या दुकानातला होता की दुसरीकडचा, हे मागून कळायला मार्ग नव्हता. त्याने दोनदा पुढे जाऊन वाकून पाहिलं. तिसऱ्यांदा ड्रायव्हर म्हणाला, "उतरायचंय का तुम्हाला?"

घरी बायकोने पिशवी रिकामी पाहिली. "सुरी?"

"मोडली."

"कोणी?"

"मी. तुझा चष्मा दे जरा."

"चहा नको, पाणी नको, चष्मा?" तरी तिने दिला. त्याने तो खिडकीच्या गजासमोर धरला. दोन्ही काचांतून गज सरळ.

"माझा चौकोनी आहे," ती म्हणाली. "तुम्हीच बसवलाय."

"मग तुझे काप तिरके का पडतात?"

"कारण मला घाई असते."

तो बसला, उठला, पुन्हा बसला. गोल फ्रेमची टूम येऊन सात-आठ वर्षं तरी झाली होती. शाळेच्या बाई, त्यांना दोन. औषधाच्या दुकानातला तो उंच माणूस. शिवणकामवाली, तिने तर मुलीलाही गोलच घ्यायला लावली होती. आणि दातांचे डॉक्टर. दातांच्या डॉक्टरांपाशी तो थबकला आणि फोन उचलला.

"आपण गोल फ्रेमा किती दिल्या असतील?"

"आज सुट्टी आहे, मिलिमीटर," मालक म्हणाला.

"अंदाजे सांगा."

"का?"

तो का ते सांगू लागला. मागे खण सरकल्याचा आवाज आला. त्याने मान वळवली. बायकोने कापड उलगडून ती सहा वर्षांपूर्वीची पहिली सुरी काढली होती, नखही न अडणारी, आणि ओट्यावर कांदा ठेवला होता. ती त्याच्याकडे बघून क्षणभर थांबली.

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. "शंभर?" तो म्हणाला. "की जास्त?"

मागे कांद्याचे दोन भाग झाले.