लायनीवरचा दत्ताराम

"तो ऑफसाइड व्हता, तर मी पन आता हितं बसल्या बसल्या ऑफसाइड हाय," रावजी म्हणाला आणि त्याने कपातला चहा बशीत ओतला.

निलेशच्या टपरीसमोरच्या बाकड्यांवर गावच्या क्रीडा मंडळाची नेहमीची माणसं जमली होती. फायनल होऊन आठ दिवस झाले होते. मालगुंडच्या संघाने एक-शून्यने करंडक नेला होता. शेवटच्या पाच मिनिटांत गावच्या रघूने बरोबरीचा गोल मारला होता, पण पास सुटला तेव्हा रघू शेवटच्या बचाववाल्याच्या पुढे, म्हणजे ऑफसाइड होता, असं दाखवत लाइन्समन दत्तारामने झेंडा वर केल्यामुळे तो रद्द झाला होता. तेव्हापासून गावाला दुसरा विषय नव्हता. आंब्याला मोहर किती आला हेसुद्धा कुणी विचारत नव्हतं.

दत्ताराम तिथेच, कडेच्या बाकावर बसला होता. ज्याच्याविषयी बोलायचं त्याच्यासमोरच बोलायचं, फक्त त्याच्याकडे बघायचं नाही, ही या गावाची जुनी रीत. त्यामुळे रावजी आपलं सगळं भाषण टपरीवरच्या बिस्किटांच्या बरण्यांना देत होता. एसटीत तीस वर्षं गाडी चालवलेला माणूस, समोर बघून बोलायची सवय त्याला होतीच.

"रेफरी बाहेरगावचा," निलेश गाळणं झटकत म्हणाला. "त्यानं झेंडा बगितला नि शिट्टी मारली. त्याचा काय दोष?"

"मी दोष कुनालाच देत नाय. टीवीवर बगतोस ना? रेषा मारून दाखवतात, याचा गुडगा पुढं, त्याचा खांदा मागं. आपल्याकडं ती मशीन हाय काय?"

"आपल्याकडं दत्ताराम हाय," निलेश म्हणाला. हे त्याने टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, आणि तेच दत्तारामला जास्त लागलं. निलेशने मोबाइलवर काढलेला व्हिडिओ आतापर्यंत शंभर वेळा बघून झाला होता. पण तो मैदानाच्या टोकाला असलेल्या देवळाच्या पायरीवरून, तिरका काढलेला. ज्याला जे बघायचं ते त्याला त्यात दिसत होतं.

"ते ऱ्हाऊं दे," रावजी बशी खाली ठेवून म्हणाला. "आता दापोलीची स्पर्धा तोंडावर आली. पुढं कोन खेळवायचा ते ठरवा. ओमकार पळतो, पन त्याचा डावा पाय नुसता शोभेला. नि रघू... रघूचं मी खरं सांगू? पयली दोन वर्षं उठसूट ऑफसाइड. मंग पाच वर्षं प्रत्येक बॉलला उशीर. नि परवा फायनलला परत ऑफसाइड. छत्तीस वर्सांचा झाला. आता किती वाट बगायची?"

चार वाजता शाळेच्या पडवीत मीटिंग होती आणि तिथे काय ठरणार हे सगळ्यांना कळलं होतं. दत्तारामने चहाचा ग्लास टपरीच्या फळीवर नेऊन ठेवला आणि तो घराकडे निघाला.

दत्ताराम मोजणी खात्यात अठ्ठावीस वर्षं शिपाई होता. साहेब नकाशा धरायचे, साखळी दत्ताराम धरायचा. भावाभावांत बांधावरून कोयते निघालेले त्याने पाहिले होते. हद्दीचा दगड त्याने रोवला की मात्र दोन्हीकडची माणसं गप्प होत. साखळी जाऊन टेप आली, टेप जाऊन मशीन आली, तो निवृत्त झाला, तरी 'दत्तारामचा डोळा' हा शब्द गावात राहिला. म्हणूनच मंडळाची स्पर्धा सुरू झाली तेव्हा लायनीवर उभं राहायला त्याला बोलावलं. बाहेरगावचे संघसुद्धा त्याच्या नावाला हरकत घेत नसत, कारण तो स्वतःच्या गावाविरुद्ध झेंडा वर करताना कधी अडखळला नाही.

यात आणखी एक गोष्ट होती. ती त्याने कुणाला सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. दत्तारामचं घर बौद्धवाडीतलं. ज्या मळ्यात आज मैदान आहे तिथे त्याच्या बापाने जन्मभर दुसऱ्याचं भात लावलं. त्या मळ्यात बापाला कामं सांगितली गेली. त्याचं मत कुणी विचारलं नाही. आणि आता त्याच जागी दत्तारामचा हात वर गेला की बावीस माणसं जागच्या जागी थांबत. वर्षातून तीन दिवस का होईना, थांबत. त्या तीन दिवसांसाठी तो पांढरा शर्ट वेगळा ठेवायचा.

घरी आला तेव्हा त्याची बायको कमला माशांना मीठ लावत होती. तो ओट्यावर बसला. रावजीचं एक वाक्य त्याच्या डोक्यातून जाईना. आधी दोन वर्षं ऑफसाइड, मग पाच वर्षं उशीर. माणूस म्हातारा होतो तसा हळू होतो हे खरं, पण उशीर सुरू झाला तेव्हा रघू जेमतेम एकतीसचा होता. आणि बाहेरच्या मैदानावर? दत्ताराम प्रत्येक स्पर्धेला संघाबरोबर जायचा. चिपळूण, लांजा, दापोली. तिथे रघूवर झेंडा गेलेला त्याला एकदाही आठवेना. गेला तो इथेच. तोही दुसऱ्या हाफमध्ये, देवळाकडच्या गोलाशी. दुसऱ्या हाफमध्ये यजमान गावाने देवळाकडे तोंड करून खेळायचं अशी इथली पद्धत, आणि त्या बाजूची लाइन सातही वर्षं दत्तारामची.

तो उठला, माळ्यावरून जुनी टेप काढली आणि म्हणाला, "कमला, हात धू. जरा मैदानावर चल माज्यासंगट."

"आता? उनाचं?"

"टेपचं एक टोक धरायचं हाय."

अठ्ठावीस वर्षांत त्याने बायकोला कधी टेप धरायला लावली नव्हती. ती पदराला हात पुसत निघाली.

मैदान म्हणजे पूर्वीची भाताची दोन खाचरं. मालकाने आठ वर्षांपूर्वी ती मंडळाला दिली तेव्हा पोरांनी मधली मेर, म्हणजे बांध, फोडून जमीन एक केली. पण बांधाची माती वेगळी. तिच्यावर गवत दाट येतं आणि बाकीचं मैदान पिवळं पडलं तरी तो पट्टा हिरवट राहतो. देवळाकडच्या गोलापासून थोड्या अंतरावर, मैदानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, बांधाची ती खूण सरळ गेलेली दिसे. फायनलसाठी चुन्याच्या फक्कीने मारलेल्या रेषा अजून पुसल्या नव्हत्या. दत्तारामने गोलाच्या रेषेवर कमलाला उभं केलं आणि तो टेप घेऊन आपल्या नेहमीच्या जागेसमोर, बांधाच्या खुणेवर गेला. अठ्ठेचाळीस फूट.

मग दोघं मैदान ओलांडून पलीकडच्या कडेला गेली. रघूची ती बाजू. तिथे परत टेप ताणली. एक्कावन्न फूट.

त्याने टेप गुंडाळली आणि पुन्हा मोजलं. एक्कावन्नच.

"माजाच हात हालला आसंल," कमला म्हणाली.

"नाय गो. तुजा हात बरोबर हाय."

तो तिथेच गवतावर बसला. शेकडो लोकांना त्याने आयुष्यभर हेच सांगितलं होतं, की बाबांनो, बांधावर जाऊ नका, बांध फसवतो, मोजून घ्या. आणि स्वतः सात वर्षं तो बांधाची खूण गोलाच्या रेषेला समांतर धरूनच बघत आला होता. खूण या कडेपासून त्या कडेपर्यंत गोलापासून लांब लांब जात होती. अलीकडचा बचाववाला खुणेवर असला, आणि पलीकडे रघू अगदी त्याच्या बरोबरीने उभा असला, तरी रघू खुणेच्या पुढे दिसायचा. दरवेळी तीन फूट. एका पावलाने.

कमलाला फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं, पण नवऱ्याचा चेहरा तिला कळत होता. ती म्हणाली, "सांगनार काय त्यांना?"

"काय करू?"

"तुमी नाय सांगितलंव तर कुनाला कळायचं नाय." ती टेपच्या टोकाची पितळी कडी बोटात फिरवत राहिली. "पन मंग तो शर्ट मी धुनार नाय."

तिला सगळं ठाऊक होतं तर, दत्तारामला वाटलं. त्याने कधी सांगितलं नव्हतं तरीही.

चार वाजता शाळेच्या पडवीत पंचवीस-तीस माणसं होती. टेबलावर मंडळाचा फुटबॉल, दोन झेंडे आणि शिट्टी ठेवलेली. अध्यक्ष बोलायला उठण्याआधीच रघू उभा राहिला. मिरकरवाड्याच्या बंदरावर तो बर्फ फोडायचं काम करतो; हाताची बोटं कायम पांढरट पडलेली. तो म्हणाला, "वाद नको. दापोलीला ओमकारला पुढं घ्या. माजे पाय आता ऐकत नाय. मी पानी द्यायला येईन."

"तसं नाय रे," कुणीतरी म्हणालं. पण ते म्हणण्यात जोर नव्हता.

"मला बोलायचंय," दत्ताराम म्हणाला.

त्याने मोजणीसारखंच सांगितलं, आकडे आधी. माझ्या टोकाला अठ्ठेचाळीस, रघूच्या टोकाला एक्कावन्न. मग खुणेचं सांगितलं. शेवटी म्हणाला, "परवाचा गोल बरोबर व्हता. नि आदीचे किती बरोबर व्हते ते मला आता सांगता येनार नाय. चूक माजी हाय. मैदानाची नाय नि रेफरीची नाय."

रावजीने पहिल्यांदा, सबंध आठवड्यात पहिल्यांदा, थेट दत्तारामकडे बघितलं. "सात वर्सं?" एवढंच तो म्हणाला.

"आता बोलून काय व्हनार?" निलेश म्हणाला. "करंडक काय मालगुंडवाले परत देनार हायत?"

मागच्या खांबाकडून कुणीतरी हळूच म्हणालं, "तरी मी पयल्यापासून म्हनत व्हतो, त्याला कशाला..." आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. दत्तारामने ते ऐकलं. हे वाक्य येणार हे त्याला मैदानावर गवतात बसल्या बसल्याच ठाऊक होतं. त्याला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं, पण मान खाली घालावीशी वाटली नाही. त्याने टेबलावरचा आपला झेंडा उचलला, काठीला गुंडाळला आणि अध्यक्षांच्या पुढे ठेवला.

"दादा," रघू म्हणाला. "किती व्हतं ते? परत सांगा."

"तीन फूट. एक पाऊल."

रघू आपल्या पायांकडे बघत राहिला. मग बोलला तेव्हा आवाज अगदी साधा होता. "मी तेवडंच शिकलो बगा. पयली दोन वर्सं झेंडा गेला की घरी जाऊन जेवत नसायचो. तुमचा डोळा चुकनार नाय, म्हंजे मीच हावरा. मंग मनाशी ठरवलं, पास सुटला की एक पाऊल थांबायचं नि मंगच निगायचं. आता ते पायातच बसलंय. थांबायचं नाय म्हटलं तरी थांबतो." त्याने मान वर केली. "परवा फायनलला तेवडा विसरलो. म्हटलं शेवटचीच हाय, पळूं या."

रावजी चष्मा काढून पुसू लागला. चष्म्याला काही झालं नव्हतं.

मीटिंग मग लवकर आटपली. दापोलीला ओमकारच पुढे खेळणार, असं ठरलं, आणि त्यात चूक काही नव्हती. छत्तीस वर्षं ती छत्तीसच होती. बांधाच्या खुणेवरचं गवत खणून काढायचं ठरलं. पुढच्या वर्षी लायनीवर कोण, हा विषय कुणी काढला नाही. माणसं चपला शोधत पांगली. दत्ताराम पायऱ्या उतरत होता तेव्हा रघू मागून आला. एका हातात फुटबॉल, दुसऱ्या हातात तोच झेंडा.

"दादा, मैदानावर चला. एकदा उभे ऱ्हावा."

"आता कशाला रे?"

"माज्यासाठी."

रावजी आणि निलेशही मागोमाग आले. ऊन उतरलं होतं आणि भाट्याच्या बाजूने खारा वारा सुटला होता. निलेश बचाववाला म्हणून अलीकडच्या अंगाला उभा राहिला. रघू पलीकडे, आपल्या जुन्या जागी गेला, चपला काढून कडेला ठेवल्या. बॉल रावजीकडे. दत्ताराम आपल्या जागेवर आला आणि त्याने झेंड्याची गुंडाळी सोडली. या वेळी त्याने गवताच्या पट्ट्याकडे बघितलं नाही. गोलाच्या खांबांकडे बघितलं, फक्कीची रेषा डोळ्यात घेतली, आणि त्या रेषेला धरून निलेश आणि रघू बघितले. दोघं बरोबरीत होते. सात वर्षांत पहिल्यांदा त्याने रघूला जिथे होता तिथे बघितलं.

"सोडू?" रावजीने विचारलं.

रघूने मान हलवली. रावजीच्या साठीच्या पायाने मारलेला बॉल निलेशच्या बाजूने पुढे सरकला. अडवायला कुणी नव्हतं, मैदान मोकळं होतं, झेंडा दत्तारामच्या हातात पायाला टेकून खाली होता.

रघू एक पाऊल थांबला, आणि मग धावला.

बॉल त्याच्या पुढून निघून देवळाच्या पायरीला लागला. दत्ताराम झेंडा तसाच खाली धरून उभा राहिला, रघू बॉल घेऊन परत येईपर्यंत.