यंत्रेश्वर बाबांचं लिंबू

अंधेरीतल्या आमच्या बिस्किटांच्या कारखान्यात सगळे पॅकिंग मशीनभोवती हात जोडून उभे होते. आठवडाभर ते मशीन सारखं बंद पडत होतं. शेवटी मालक जयवंतरावांनी यंत्रेश्वर बाबांना बोलावलं.

"राहू मोटरमध्ये शिरलाय! शनी गिअरमध्ये पाय पसरून बसलाय!" असं गरजत बाबांनी मशीनच्या दाराच्या चौकटीला एक लिंबू बांधलं, मंत्र पुटपुटले आणि बटण दाबलं. मशीन धडधडत सुरू! एकच जयजयकार झाला. खिशात हात घालून उभा होतो तो फक्त मी, स्टोअरकीपर डेरिक.

दोन दिवस मशीन थांबलंच नाही. तिसऱ्या दिवशी अडकलेलं पाकीट काढायला पॅकिंगवर काम करणाऱ्या सोनूबाईंनी दार उघडून हात आत घातला, तरी ते चालूच! पात्यानं बाहीचा तुकडा नेला. हात थोडक्यात वाचला.

"बाबांची कृपा!" कोणीतरी म्हणालं.

"कृपा कसली?" नवी इंजिनिअर संघमित्रा भडकली. "दार उघडलं की मशीन थांबायलाच हवं!"

तिनं आधी मोटरची वीज तोडली. मशीनचा कंट्रोलर जुना. काही बिघडलं की नुसता लाल दिवा लावायचा, कारण सांगायचा नाही. संघमित्रानं त्याला लॅपटॉप जोडला आणि पायथनमध्ये छोटासा प्रोग्रॅम लिहिला. कंट्रोलरला मिळणारा प्रत्येक सिग्नल आता पडद्यावर चक्क मराठीत दिसू लागला.

मग तिनं बाबांसकट सगळ्यांना बोलावलं.

"डेरिक, दार कसं आहे?"

"सताड उघडं."

"आणि पडद्यावर?"

मी वाचलं, "दार बंद."

तिनं लिंबू सोडलं. पडदा म्हणाला, 'दार उघडं.' परत धरलं. 'दार बंद.'

"बेटी, लिंबाच्या शक्तीपुढे विज्ञान..." बाबा सुरू झाले, तोवर सोनूबाईंनी लिंबू कापलंसुद्धा. आतून चुंबक निघालं.

"दारावर चुंबक असतं, चौकटीवर स्विच," संघमित्रा म्हणाली. "चुंबक जवळ आलं की कंट्रोलरला वाटतं, दार लागलं. आपली बिजागरी ढिली होऊन दार खाली आलंय, त्याचं चुंबक स्विचपर्यंत पोचत नाही, म्हणून मशीन थांबत होतं. बाबांनी दुसरं चुंबक लावून त्याला गंडवलं."

"पण यांना हे कसं माहीत?" जयवंतरावांनी विचारलं.

बाबांचा आवाज एकदम साधा झाला. "वीस वर्षं मशीनं दुरुस्त केली, शेठ. तेव्हा कोणी पाणीसुद्धा विचारलं नाही."

"मी चहा पाजला असता," सोनूबाई म्हणाल्या. "पण माझा हात गेला असता, तर?"

बाबांना मान वर करवेना.

संघमित्रानं बिजागरी घट्ट बसवली. पुढच्या आठवड्यात मशीन परत थांबलं. कोणी काही बोलायच्या आत सोनूबाईंनी पडदा वाचला, 'कागद संपला.' त्यांनी नवा रोल चढवला आणि कामाला लागल्या.

मशीन थांबलं तर हात जोडू नका. का थांबलं ते विचारा, आणि कारण सापडेपर्यंत विचारत राहा.