रेषेकडे बघा

आज सकाळपासून मी आमच्याच लेझरच्या उजेडात तरंगतेय. काचेच्या बारीक मण्याच्या जागी मी आहे, मण्याएवढीच, आणि बाहेर हुदलीकर सर आणि माझी ज्युनिअर केतकी मला गार करतायत.

पद्धत साधी आहे. उजेडात टांगलेला कण सारखा थरथरतो. तो डावीकडे गेला की उजवीकडून ढकलायचं, वर गेला की खाली. असं करत करत त्याची वळवळ जिरवायची, यालाच आम्ही गार करणं म्हणतो. पीएचडीची सगळी वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही. आता मी हात हलवला की उजेड तो जागेवर आणून ठेवतो. ओरडायला तोंड उघडलं की मिटवतो. अशी तिडीक जाते डोक्यात! तर तिलाही तो दाबतो.

कण गार झाला की तो ज्या बंद डबीत तरंगतो तिच्यातली हवा पंप लावून काढायची, हा पुढचा टप्पा. त्याआधी कुणीतरी मला बघायलाच हवं.

पण बघणार कोण? दोघंही स्क्रीनवरच्या रेषेला चिकटलेत. मी थरथरले की ती थरथरते. कणाकडे बघायचं नाही, रेषेकडे बघायचं, हे मीच केतकीच्या डोक्यात भरलंय. लेझरने डोळे जातात म्हणून. इतकी गुणी पोरगी, एकदा म्हणून मान वळवत नाही.

"आज फारच उड्या मारतोय," सर म्हणाले. "जोर वाढव."

तिने वाढवला. मला बोटही हलवता येईना.

मग आठवलं. रेषा पार सपाट झाली की आम्ही कण पडला असं धरतो आणि डबीच्या काचेच्या खिडकीतून आत डोकावतो. तेवढ्यापुरतंच बघायचं. मी राग गिळला, श्वास रोखला, पापणीही लवू दिली नाही.

रेषा सपाट झाली. केतकीने लेझर मंद केला, चष्मा कपाळावर सरकवला आणि काचेला डोळा लावला. केवढा तरी डोळा, तपकिरी, काजळ जरा फिसकटलेलं. त्याच्या बाहुलीत मी मला स्पष्ट दिसले.

"सर, आत काहीच नाही."

"जाऊ दे. हवा काढून साफ कर. दुसरा टाकू."

मी दोन्ही हात उगारले. उजेडाने ते हळूच खाली आणून ठेवले. सरांच्या स्क्रीनवर रेषा सपाटच राहिली. केतकीचं बोट पंपाच्या बटणावर होतं आणि डोळा अजून काचेला. तिच्या बाहुलीत मी तरंगत होते, अगदी शांत.