भरलेला रिअॅक्टर

पोळ्याच्या दुपारी तापवणारी वाफ बंद करावी, अर्धवट शिजलेले रेझिन रिअॅक्टरच्या बंद टाकीतच ठेवावे, आणि दुसऱ्या दिवशीच्या मारबतीच्या मिरवणुकीसाठी सर्वांनी घरी जावे, हा आमच्या कारखान्यातला नियम माझा. एकवीस वर्षांपूर्वी अशाच सुट्टीत रिअॅक्टर फुटला. पहाऱ्यावरच्या रुपरावचा अर्धा चेहरा भाजला. त्यानेच वाफ उघडी ठेवली, असे मी चौकशीत सहीनिशी लिहून दिले. तरीही फाटकावरची त्याची नोकरी राखली. त्याला मी माझे औदार्य समजत आले.

त्यानंतर बंद केलेले ते रेझिन यंदा आम्ही पुन्हा करावयास घेतले. माझी नातसून दामिनी रसायनशास्त्र शिकलेली. पोळ्याच्या दुपारी ती चाचणीचा कागद घेऊन केबिनमध्ये आली.

“आजी, नमुना साठ अंशांवर नुसता ठेवला, वाफ नाही, काही नाही. नऊ तासांनी तो स्वतःच तापू लागला. आज रिअॅक्टर भरलेला ठेवता येणार नाही.”

“बोटाएवढी नळी मला माझा कारखाना शिकवणार?”

“नळीतली उष्णता बाहेर निघून जाते. रिअॅक्टरमधली आतच कोंडते. तिथे आणखी लवकर होईल.”

मला एकच शब्द ऐकू येत होता: स्वतःच.

“झडप गळते म्हणून रिकामा करतोय, असे सांग सर्वांना.”

“कोणाला सांगू? रुपरावकाका आत्ताच झडप तपासून आले. आणि आजी, घरी जायला सगळे हात धुऊन राहिले.”

रिअॅक्टर रिकामा करवला, तर कारण द्यावे लागणार. कारण दिले, तर माझी सही खोटी ठरणार. गप्प बसले, तर आजही पहाऱ्यावर रुपरावच होता.

तोच तो दारात आला. मागे कामगार डबे घेऊन उभे होते.

“बाईसाहेब, किल्ल्या द्या जी. समदे निघाले.”

“कोणीही जाणार नाही. थंड पाणी सोडा. रिअॅक्टर आजच रिकामा होईल.”

“काहून जी?”

दामिनी बोलू पाहत होती. मी हात वर करून तिला थांबवले.

“कारण त्या वेळी तू वाफ बंद केली होतीस, रुपराव. चूक माझ्या नियमाची होती. दामिनीच्या नळीत हे रेझिन वाफेवाचून स्वतःच तापले.”



“एकवीस वर्स तेच तं सांगून राहिलो जी,” तो म्हणाला. “माह्यापेक्षा त्या नळीनं बरं पटवलं तुमाले.”

मी त्याला खुर्ची दाखवली. तो बसला नाही. पाण्याची झडप उघडायला गेला.