पानातली घरची माणसं

"डोळं झाक की गं! पाला बघितलास तर गुण जातोय त्याचा."

आक्काचा हा आवाज संयोगिताच्या कानात लहानपणापासून बसलेला. गडमुडशिंगीच्या रानात उसाच्या पात्यानं पाय चिरला होता, तेव्हाचा. डोळे मिटलेले, पाट्यावर वरवंट्याची घरघर, आणि मग जखमेवर गारगार लगदा. कसला, ते कधी कळलं नाही. आक्का तिची थोरली आत्या. शिरोलीच्या कारखान्यांतली माणसंसुद्धा हात कापला की तिच्याकडं येत, आणि तीही डोळे मिटूनच बसत.

आता संयोगिता कोल्हापुरात औषधी झाडांच्या आत राहणारे, त्यांच्या भल्याचे जिवाणू शोधत होती. तुळस झाली, अडुळसा झाला. आक्काच्या पाल्यात कोण राहतं, याचा तिला ध्यास लागला होता. आक्का पाला देई, पण वाटून. त्या लगद्यावरून प्रयोगशाळेत झाडाचं नाव हुडकणं काही अवघड नव्हतं. पण न दिलेलं घ्यायला तिचं मन धजेना. शेवटी तिच्या मार्गदर्शक भैरवी मॅडमनी सांगून टाकलं, "सोमवारपर्यंत अख्खं पान आण. नाहीतर हे झाड प्रबंधातून गेलं."

म्हणून तिनं आक्कालाच प्रयोगशाळेत आणलं.

"ही तुळस. अख्खं पान आधी औषधानं धुतलं, मग पाण्यानं. शेवटचं पाणी जिवाणूंचं खाद्य घातलेल्या ह्या बशीत टाकून चार दिवस ठेवलं. काय दिसतंय?"

"काय बी न्हाय."

"म्हणजे पानाच्या अंगावर कोण उरलं नाही. मग पान चिरून ह्या दुसऱ्या बशीत ठेवलं."

चिरलेल्या कडेशी सायीसारखी नक्षी उमटली होती. आक्का वाकली, पदर सावरत आणखी वाकली.

"आत राहत्यात व्हय ही? आन् पान आजारी न्हाय पडत?"

"उलट राखतात त्याला. सगळी नाही, पण काही."

"अगं बया! घरचीच माणसं की मग. आन् माझा पाला कुठाय?"

संयोगितानं तिसरी बशी पुढं केली. पांढरे, पिवळे, गुलाबी ठिपके. वर बुरशीचं जावळ.

"ही तर जत्राच भरलीया!"

"लगदा धुता येत नाही, आक्का. पाट्यावरचं, हातावरचं, सगळं मिसळतं. ह्यात घरचं कोण आणि पावणं कोण, कसं सांगू?"

"माझा पाटा घाण म्हणतीस व्हय गं?"

"तसं नाही गं!"

आक्का फुरंगटून स्टुलावर बसली. पण नजर काही बशीवरून हलेना. हा असंल? का ह्यो? बोट ठिपक्याठिपक्यावर फिरत राहिलं.

"सासूनं मरताना ह्या पाल्याचं नाव मला सांगितलं. म्या सुनंलाबी न्हाय सांगितलं," ती पुटपुटली. "गुण गेला तर लोकांनी कुठं जायचं?"

आक्कानं तुळशीच्या चिरलेल्या पानाची बशी उचलून खिडकीच्या उजेडाकडं धरली.

"अख्खं पान आणलं तर आमचीबी अशीच दिसतील?"

"असली तर दिसतील."

आक्कानं दाराकडं बघून घेतलं. आवाज एकदम खाली आला.

"माका हाय गं. आपल्या हिरीच्या कडंला, पांढऱ्या फुलाचा. चल, दावते."